ऑस्करचे मागच्या बाकावरचे विभाग: निकालाचा अंदाज कसा बांधायचा

नागपुरात कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑस्करच्या अंदाजांची स्पर्धा लागली, की पहिल्या आठ घरांत सगळ्यांचे कागद जवळपास सारखे निघतात. चित्रपट, दिग्दर्शन, अभिनयाचे चार, पटकथेचे दोन. या आठांवर जानेवारीपासून इतकं लिहून-बोलून झालेलं असतं की नवख्याचेही त्यातले बरेच बरोबर येतात. खरी चुरस उरलेल्या सोळांत असते: तीन प्रकारचे लघुपट, माहितीपट, आंतरराष्ट्रीय चित्रपट, अ‍ॅनिमेशनपट, छायालेखन, संकलन, ध्वनी, व्हीएफएक्स (संगणकी दृश्यकरामती), प्रॉडक्शन डिझाइन (सेट आणि त्यांची मांडणी), वेशभूषा, रंगभूषा-केशभूषा, पार्श्वसंगीत, गाणं आणि २०२६ च्या सोहळ्यापासून आलेला कास्टिंगचा, म्हणजे नटांच्या निवडीचा विभाग. एकूण २४. या सोळांत बहुतेक जण डोळे मिटून टिक करतात, म्हणून इथे थोडी मेहनत केली तरी ती लगेच दिसते.

(या लेखातली सालं सोहळ्याची आहेत, चित्रपट प्रदर्शित झाल्याची नाहीत. २०२५ म्हटलं की २०२४ मध्ये आलेले चित्रपट.)

आधी मतदार समजून घ्या

नामांकनं बहुतेक विभागांत त्या-त्या कामाचे जाणकार ठरवतात. संकलनाची पाच नावं संकलक निवडतात, वेशभूषेची वेशभूषाकार. अंतिम मत मात्र ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सगळे सभासद देतात, सुमारे १०,००० माणसं, आणि त्यांत सर्वांत मोठी शाखा अभिनेत्यांची. म्हणजे आयुष्यात कधी मिक्सिंगच्या टेबलावर न बसलेला माणूस ध्वनीचा विजेता ठरवतो. नवखे इथेच फसतात. ते ‘सगळ्यांत चांगलं काम कुणाचं’ याचा अभ्यास करतात. तुम्हाला शोधायचंय ते वेगळं: ज्याला या कामातलं बारीक काही कळत नाही, पण सिनेमा कळतो, अशा माणसाच्या डोळ्यांत आणि कानांत कुठलं काम भरेल?

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मतदार पसंतीक्रम लावतात. बाकी सगळीकडे एक माणूस, एक मत. ज्याला जास्त मतं तो जिंकला. पाच जणांत मतं फुटली तर वीस टक्क्यांच्या थोडं वर जाऊनही पुरस्कार मिळू शकतो. म्हणून एकाच छापाचे दोन-तीन चित्रपट एका विभागात असतील तर चौथ्याकडे नीट पाहा.

२०२६ च्या सोहळ्यापासून आणखी एक नियम आला आहे. ज्या विभागात मत द्यायचं त्यातली सगळी नामांकित कामं सभासदाने पाहिलेली असली पाहिजेत. आधी नुसतं ऐकीव नाव पाहून मत पडायचं, विशेषतः लघुपटांत. ते आता कमी व्हावं. त्यामुळे जुन्या वर्षांचे दाखले लघुपटांना लावताना हात थोडा आखडता ठेवा.

डिसेंबर ते मार्च: कधी काय करायचं

डिसेंबरच्या मध्यावर अकादमी काही विभागांच्या शॉर्टलिस्ट जाहीर करते. माहितीपट, आंतरराष्ट्रीय चित्रपट आणि तिन्ही लघुपट विभागांत प्रत्येकी १५ नावं. ध्वनी, रंगभूषा आणि व्हीएफएक्स यांत प्रत्येकी १०. तुमचं काम इथून सुरू होतं, कारण लघुपट मिळवायला आणि पाहायला वेळ लागतो. जानेवारीत व्हीएफएक्स, रंगभूषा आणि ध्वनी या शाखा आपापल्या शॉर्टलिस्टमधल्या कामांचे निवडक तुकडे पाहून पाच नावं ठरवतात. मग नामांकनं येतात. तारखा हलू शकतात; जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे घोषणा पुढे ढकलून २३ तारखेला झाली. फेब्रुवारीत गिल्डचे, म्हणजे त्या-त्या कामातल्या लोकांच्या संघटनांचे पुरस्कार आणि बाफ्टा हे ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार, त्याच सुमारास अंतिम मतदानाचा साधारण आठवडा, आणि मार्चमध्ये सोहळा.

कॅलेंडरवर मतदान बंद होण्याची तारीख ठळक लिहा. त्या तारखेनंतर जे काही गाजतं त्याने निकाल बदलत नाही. सोहळ्याच्या आदल्या दिवशी कुठेतरी वाचून उत्तर बदलणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे.

तक्ता

मोबाइलवर शीट करा किंवा दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक विभागाला एक पान, पाच नामांकनांना पाच ओळी, आणि रकाने असे: सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन आहे का, एकूण नामांकनं किती, बाफ्टाला काय झालं, गिल्डला काय झालं, तुम्ही पाहिला का, जिंकण्याची शक्यता टक्क्यांत, आणि शेवटी एका ओळीत कारण. पाचांचे टक्के मिळून शंभर झाले पाहिजेत. कारणाचा रकाना रिकामा सोडायचा नाही. ‘छान आहे’ हे कारण धरलं जात नाही.

गिल्डच्या रकान्यात बहुतेकांचा घोळ होतो. आर्ट डायरेक्टर्स गिल्ड चित्रपटांचे पुरस्कार ऐतिहासिक, अद्भुतरम्य आणि समकालीन असे वेगळे देते. कॉस्च्युम डिझायनर्स गिल्डही तसंच करते. संकलकांचा ‘एडी’ पुरस्कार नाट्यमय आणि विनोदी असा विभागलेला. रंगभूषेच्या गिल्डमध्ये तर आणखी पोटविभाग. म्हणजे ‘गिल्ड जिंकलेले’ दोन-तीन चित्रपट ऑस्करच्या एकाच विभागात समोरासमोर येतात आणि तो रकाना तुम्हाला काहीच सांगत नाही. समकालीन गटात जिंकलेल्याचं वजन ऑस्करसाठी सर्वांत कमी धरा. ध्वनीसाठी दोन संस्था आहेत: मिक्सिंगसाठी सिनेमा ऑडिओ सोसायटी, ध्वनिसंकलनासाठी मोशन पिक्चर साउंड एडिटर्स. दोघींचं एकमत झालं तर चांगली खूण.

बाफ्टाचे विभाग असे फोडलेले नसतात आणि दोन्ही संस्थांचे काही सभासद सामायिक आहेत, म्हणून गिल्ड आणि बाफ्टा यांचं पटत नसेल तेव्हा बाफ्टाकडे थोडं झुका. छायालेखनात २०२३ ला सिनेमॅटोग्राफर्सच्या सोसायटीने ‘एल्विस’ला दिलं, बाफ्टाने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ला, ऑस्कर ‘ऑल क्वाएट’ला. २०२५ ला सोसायटीचा कौल ‘मारिया’ला, बाफ्टाचा ‘द ब्रुटलिस्ट’ला, ऑस्कर ‘ब्रुटलिस्ट’ला. उलटही घडलंय: २०२१ ला सोसायटीने ‘मँक’ निवडला आणि ऑस्करही त्यालाच मिळालं, बाफ्टा मात्र ‘नोमॅडलँड’ला गेलं होतं. म्हणून ‘थोडं’ झुका म्हटलं.

लघुपट: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

ऑस्करच्या व्याख्येत लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसकट जास्तीत जास्त ४० मिनिटं. तिन्ही विभागांचे मिळून १५ लघुपट, म्हणजे अगदी जास्तीत जास्त धरले तरी दहा तास. प्रत्यक्षात कमीच लागतात. दोन शनिवार-रविवारांचं काम. तुमच्या ग्रुपमध्ये हे करणारे फार थोडे असतील, आणि तीन गुण इथेच आहेत.

नागपुरात हे लघुपट थिएटरला लागतील याची वाट पाहू नका. द न्यू यॉर्कर आणि न्यू यॉर्क टाइम्स आपले लघुपट यूट्यूबवर मोफत ठेवतात, काही नेटफ्लिक्सवर असतात. जे मिळत नाहीत त्यांच्या पानावर ‘पाहिला नाही’ असं स्पष्ट लिहा आणि त्या विभागात तुमच्या टक्क्यांना फार भाव देऊ नका.

पाहण्याची पद्धत महत्त्वाची. एका विभागातले पाचही एका बैठकीत पाहा, कारण मतदारही ते शेजारी-शेजारी ठेवूनच तोलतात. बरोबर सिनेमावेड नसलेली चार माणसं बसवा: आई, काका, शेजारचा पोरगा, कुणीही. त्या रात्री मत विचारू नका. दुसऱ्या दिवशी जेवताना एकच प्रश्न विचारा: ‘काल पाहिलेल्यातलं काय आठवतं?’ ज्याची गोष्ट ते एका वाक्यात सांगतात आणि शेवट सांगताना आवाज बदलतो, तो लघुपट आघाडीवर धरा. ‘तो तो, काय बरं, चित्रं छान होती तो’ असं म्हणतात तो मागे.

माहिती-लघुपटांत एक कल ठळक आहे. पाचांत सहसा युद्ध, तुरुंग, हिंसा यांवरचे दोन-तीन असतात आणि एखादा चांगलं काम करत राहणाऱ्या माणसाचा असतो. शेवटच्या मतदानात हा एखादा बऱ्याचदा पुढे येतो. २०२० ला काबूलमध्ये स्केटबोर्ड शिकणाऱ्या मुली, २०२३ ला मुदुमलाईच्या जंगलात हत्तीचं पिल्लू वाढवणारे बोम्मन आणि बेल्ली (‘द एलिफंट व्हिस्परर्स’), २०२४ ला लॉस एंजेलिसच्या शाळांतल्या मुलांची वाद्यं दुरुस्त करणारे कारागीर (‘द लास्ट रिपेअर शॉप’), २०२५ ला न्यू यॉर्क फिलहार्मोनिकमधली डबल बेस वाजवणारी बाई. विषय दुःखाचा असला तरी चालतो, पण प्रेक्षकाला धरायला एक माणूस लागतो. २०२१ चा ‘कोलेट’ छळछावणीवरचा होता, तरी त्याच्या मध्यभागी भावाच्या आठवणीशी सामना करणारी एक म्हातारी बाई होती.

कथा-लघुपटांत मोठं नाव उपयोगी पडतं. २०२२ ला रिझ अहमद, २०२४ ला वेस अँडरसन. अ‍ॅनिमेशनमध्येही २०१८ ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचा ‘डिअर बास्केटबॉल’ जिंकला. पण नावाच्या पुढे जाऊन पाहा, कारण २०२५ ने दोन धडे एकदम दिले. ‘अनुजा’ दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलीची गोष्ट, नेटफ्लिक्सवर होती, प्रियांका चोप्रा आणि गुनीत मोंगा यांची नावं मागे होती. जिंकला मात्र ‘आय अ‍ॅम नॉट अ रोबोट’ हा डच लघुपट, ज्याची कल्पना कुणालाही एका ओळीत सांगता येते. आणि अ‍ॅनिमेशनमध्ये इराणी ‘इन द शॅडो ऑफ द सायप्रेस’ जिंकला.

‘अनुजा’वरून आपल्या लोकांची एक सवय सांगायलाच हवी. भारतीय नाव यादीत दिसलं की हात आपोआप तिथे टिक करतो. अभिमान बाळगावा, पण तक्त्यात तो शिरू द्यायचा नाही. भारतीय कामाचे टक्के लिहिताना स्वतःला विचारा: हेच काम फिनलंडचं असतं तर किती दिले असते? तोच आकडा लिहा.

आंतरराष्ट्रीय चित्रपट, आणि ‘कोर्ट’चं काय झालं

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ भारताने २०१६ च्या ऑस्करसाठी पाठवला होता. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. चित्रपट शॉर्टलिस्टपर्यंतही पोहोचला नाही. ‘श्वास’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी प्रवेशिकांनाही नामांकन मिळालं नव्हतं. आजवर या विभागात नामांकन मिळालेले भारतीय चित्रपट तीनच: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवू शकतो, त्यांतून पंधरा, पंधरातून पाच. इतक्या जणांनी आपला चित्रपट पाहावा यासाठी अमेरिकेत वितरक, प्रदर्शनं, प्रचार हे सगळं लागतं. अंदाज बांधणाऱ्याने गुणवत्तेआधी हे विचारावं: अमेरिकेत हा कुणी उचललाय?

नामांकनं लागल्यावर मात्र हा विभाग सोपा होतो. पाचांपैकी एकालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही नामांकन असेल तर त्यालाच टिक करा. ‘आमूर’, ‘रोमा’, ‘पॅरासाइट’, ‘ड्राइव्ह माय कार’, ‘ऑल क्वाएट’, ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ सगळे असेच जिंकले. तसा एकही नसेल तर दुसऱ्या कुठल्या मोठ्या विभागात नाव आहे ते पाहा. २०२१ ला ‘अनदर राउंड’च्या दिग्दर्शकाला नामांकन होतं आणि तोच जिंकला. २०२५ ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन असलेले दोन होते. ‘एमिलिया पेरेझ’ १३ नामांकनं घेऊन आला, पण मतदानाआधी त्याच्या नायिकेची जुनी ट्वीट्स बाहेर आली आणि ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ पुढे गेला. नामांकनाच्या दिवशी भरलेला तक्ता मतदान संपेपर्यंत उघडा ठेवायचा तो यासाठी.

माहितीपटांचं (मोठ्या) वागणं निराळं. ही शाखा लोकप्रिय माहितीपटांना नामांकनाआधीच गाळते; ‘अपोलो ११’ शॉर्टलिस्टमध्ये होता, पाचांत नव्हता. पाच ठरल्यावर गेल्या काही वर्षांत चालू संघर्षाची थेट साक्ष देणारे पुढे आलेत: ‘नवाल्नी’, ‘२० डेज इन मारिउपोल’, ‘नो अदर लँड’. शेवटच्याला तर अमेरिकेत वितरकही नव्हता, तरी २०२५ ला तो जिंकला.

कपडे, सेट, चेहरे

ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची. भानु अथैया यांना १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्याबरोबर. वेशभूषेचं ऑस्कर कसं मिळतं हे त्या चित्रपटात सगळं दिसतं: जुना काळ, मोठे जमाव, आणि कपडा स्वतःच कथेचा भाग. सुटाबुटातला बॅरिस्टर पंच्यावर येतो तो प्रवास प्रेक्षकाला कपड्यांतून कळतो. आजच्या काळातल्या चित्रपटाची वेशभूषा कितीही विचारपूर्वक केलेली असो, ती सहसा हरते, कारण ती मतदाराच्या नजरेला ‘काम’ म्हणून दिसत नाही.

प्रॉडक्शन डिझाइनसाठी पहिली चाळणी म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन वापरा. २०१५ पासून २०२५ पर्यंतचे अकराही विजेते त्या यादीतले होते. वेशभूषेला हा नियम लागत नाही. ‘क्रुएला’, ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’, ‘वाकांडा फॉरएव्हर’ यांना मुख्य नामांकन नव्हतं. दोन्ही पुरस्कार एकाच चित्रपटाला जाणं हे २०१४ ते २०२५ या बारा सोहळ्यांत सहा वेळा घडलं, म्हणजे बरोबर निम्म्या वेळा. फुटतात तेव्हा बऱ्याचदा वेशभूषेकडे असा चित्रपट असतो ज्यात कपडे शिवणं किंवा फॅशन हीच गोष्ट आहे: ‘फँटम थ्रेड’मध्ये शिंपी, ‘क्रुएला’मध्ये डिझायनर. असा एखादा पाचांत दिसला की दोन वेगळी नावं लिहा, नाहीतर एकच.

रंगभूषेत मतदार चेहऱ्याच्या मागे जातो. मुख्य अभिनयाच्या शर्यतीत असलेल्या नटाचा चेहरामोहरा ओळखू न येण्याइतका बदललाय का, एवढं पाहा. २०१८ ला गॅरी ओल्डमनचा चर्चिल, २०२२ ला ‘द आइज ऑफ टॅमी फे’ची जेसिका चॅस्टेन, २०२३ ला ‘द व्हेल’चा ब्रेंडन फ्रेझर: तिघांनी अभिनयाचं ऑस्कर घेतलं आणि रंगभूषाही बरोबर आली. २०२३ चं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. रंगभूषेचं बाफ्टा ‘एल्विस’ला मिळालं होतं, अभिनयात ऑस्टिन बटलर आणि फ्रेझर एकमेकांसमोर होते, आणि रंगभूषेचा निकाल फ्रेझरच्या बाजूने गेला. म्हणून आधी अभिनयाचा अंदाज नक्की करा, मग रंगभूषेचं पान उघडा. २०२५ ला डेमी मूर हरली तरी ‘द सबस्टन्स’ला रंगभूषेचं मिळालं, तिथे रंगभूषा चित्रपटाच्या गाभ्यातच होती, त्यामुळे बाकी गणिताची गरज नव्हती.

ध्वनी आणि संकलन

ध्वनीचे आधी दोन विभाग होते, २०२१ पासून एक झाला. जुनी उदाहरणं पाहताना हे ध्यानात ठेवा. युद्ध, यंत्रं, शर्यती, संगीत यांचे चित्रपट इथे पुढे असतात: ‘डंकर्क’, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘ड्यून’चे दोन्ही भाग, ‘टॉप गन: मॅव्हरिक’. मोठा आवाज सामान्य मतदारालाही काम म्हणून ऐकू येतो. अपवाद कधी? शांतता किंवा पडद्याबाहेरचा आवाज हाच चित्रपटाचा विषय असतो आणि ते सगळ्यांना समजलेलं असतं तेव्हा. ‘साउंड ऑफ मेटल’मध्ये बहिरेपण. २०२४ ला सिनेमा ऑडिओ सोसायटीने ‘ओपेनहायमर’ला दिलं, बाफ्टाने ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला, जिथे छळछावणी दिसत नाही, फक्त भिंतीपलीकडून ऐकू येते. ऑस्कर ‘झोन’ला.

२०१३ नंतर बराच काळ संकलन ध्वनीच्या हातात हात घालून चालत होतं. ‘व्हिप्लॅश’, ‘हॅकसॉ रिज’, ‘डंकर्क’, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘साउंड ऑफ मेटल’, ‘ड्यून’: सगळ्यांना संकलन आणि ध्वनीचा निदान एक पुरस्कार. ‘आर्गो’ (२०१३) नंतर २०२२ पर्यंत सर्वोत्कृष्ट चित्रपटाने संकलन एकदाही घेतलं नाही. मग २०२३, २०२४ आणि २०२५ ही तिन्ही वर्षं संकलन सर्वोत्कृष्ट चित्रपटालाच गेलं: ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’, ‘ओपेनहायमर’, ‘अनोरा’. जुन्या लेखांत ‘ध्वनी जिंकेल त्याला संकलन द्या’ असं वाचाल; ते आता तसंच्या तसं धरू नका. चित्रपटाचा विजेता स्पष्ट असेल आणि त्याचं संकलन उठून दिसणारं असेल तर त्याला पहिलं स्थान द्या.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. नागपुरात इंग्रजी चित्रपटाचे हिंदी डब केलेले खेळही लागतात. डबिंगमध्ये संवादांचा थर बदलतो, त्यामुळे डब आवृत्ती पाहून ध्वनीचं मत बनवू नका. मूळ भाषेचा खेळ निवडा, आणि घरी पाहत असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच नाही. साधे वायरचे हेडफोन चालतील.

व्हीएफएक्स

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन असलेला एकच असेल तर तो घ्या: ‘ग्रॅव्हिटी’, ‘ड्यून’. तसे तीन असतील तर सावध राहा. २०१६ ला ‘मॅड मॅक्स’, ‘द मार्शियन’ आणि ‘द रेव्हनंट’ असे तीन मुख्य स्पर्धक होते आणि जिंकला छोट्या बजेटचा ‘एक्स माकिना’. एकही नसेल तर कुठला चित्रपट कसा बनला याची गोष्ट सांगितली जातेय ते ऐका. २०२४ ला व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीने ‘द क्रिएटर’ निवडला, बाफ्टाने ‘पुअर थिंग्ज’, जो ऑस्करच्या पाचांत नव्हताच. जिंकला ‘गॉडझिला मायनस वन’: दीड कोटी डॉलरच्या आतलं बजेट, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्ट्सचे प्रमुख. ‘एवढ्याशा पैशांत एवढं!’ हे मतदाराला लगेच पटतं.

गाणं, संगीत आणि बाकीचे

गाण्यासाठी गोल्डन ग्लोब हे जानेवारीतले हॉलीवूडचे पुरस्कार पाहा. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सहा वेळा ग्लोब आणि ऑस्कर जुळले, त्यात २०२३ चं ‘नाटू नाटू’. फक्त २०२१ ला चुकलं. गेली तीन बाँड शीर्षकगीतं नामांकन मिळाल्यावर जिंकली. आणि नुसत्या गीतकाराच्या मोठेपणावर टिक करू नका: डायान वॉरन यांना २०२५ पर्यंत १६ नामांकनं मिळाली, स्पर्धेतला पुरस्कार एकही नाही. गाणं चित्रपटात कुठे येतं ते बघा. अंत्यनामावलीत वाजणारं गाणं बऱ्याचदा मागे पडतं.

पार्श्वसंगीत मुख्य चित्रपटांच्या लाटेबरोबर जातं. अ‍ॅनिमेशनपटात पिक्सार-डिस्नेला डोळे झाकून देण्याचे दिवस गेले; २०२३ ते २०२५ त्यांच्याकडे आलेलं नाही, आणि २०२५ ला अ‍ॅनी हा अॅनिमेशनसाठीचा पुरस्कार ‘द वाइल्ड रोबोट’ला मिळूनही ऑस्कर लॅटव्हियाच्या संवादहीन ‘फ्लो’ला गेलं. कास्टिंगचा विभाग नवा, फारसा इतिहास नाही, म्हणून मोठा आणि एकजीव नटसंच असलेला मुख्य चित्रपट धरा आणि टक्के कमी ठेवा.

धक्के किती लिहायचे

नवख्याला वाटतं, हुशारी म्हणजे सगळ्यांपेक्षा वेगळं लिहिणं. हिशोब करून पाहा. दहा विभागांत तुमच्या आघाडीवाल्याला प्रत्येकी ६० टक्के आहेत असं समजा. दहाही ठिकाणी आघाडीवाला लिहिला तर सरासरी सहा बरोबर येतील. त्यांतल्या दोन ठिकाणी २५ टक्केवाला लिहिलात तर प्रत्येकी ०.३५ गमावता, म्हणजे सरासरी ५.३. चार चुकणार हे ठरलेलं आहे, पण कुठले चार ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून पूर्ण तक्त्यात दोन, फार तर तीन धक्के, आणि तेही जिथे पहिल्या-दुसऱ्यात दहा टक्क्यांहून कमी फरक आहे तिथेच. मोठ्या ग्रुपमध्ये पहिलं यायचं असेल तर थोडी जास्त जोखीम घ्यावी लागते, कारण सगळे सुरक्षित खेळले तर गुण सारखेच होतात. पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये ती लागत नाही.

ग्रुपचे नियम आणि सोमवारची पहाट

पैसे लावू नका. हरणाऱ्याने सगळ्यांना तर्री-पोहे, एवढं पुरतं. प्रत्येकाने २४ विभागांना १ ते २४ असे विश्वासाचे गुण द्यावेत, प्रत्येक आकडा एकदाच. खात्रीच्या विभागाला २४, अंधारातल्याला १. असं केलं की लघुपटाचं एक चुकल्याने सगळं बुडत नाही आणि ज्याने खरोखर अभ्यास केलाय तो वर येतो. बरोबरी झाली तर काय, हेही आधीच लिहून ठेवा: २०१३ ला ध्वनिसंकलनात ‘स्कायफॉल’ आणि ‘झिरो डार्क थर्टी’ दोघांना पुरस्कार मिळाला होता. अशा वेळी दोघांपैकी कुठलंही लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.

सोहळा लॉस एंजेलिसमध्ये रविवारी दुपारी चारला सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे सोहळा त्याआधी असेल तर साडेपाचला (२०२५), त्या दिवशी किंवा नंतर असेल तर साडेचारला (२०२४). आदल्या दिवशी तारीख पाहून गजर लावा. एक तासाच्या घोळात सुरुवातीचे पुरस्कार हमखास हुकतात. तक्ते जमा करण्याची मुदत रविवारी रात्री नऊ ठेवा, आणि सगळ्यांचे फोटो ग्रुपवर टाकून घ्या, म्हणजे सकाळी वाद नाही.

निकाल लागत असताना प्रत्येक चुकलेल्या विभागासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: ‘मतदार’ (त्यांना काय भावेल हे चुकलं), ‘माहिती’ (चित्रपट पाहिला नव्हता किंवा बाफ्टा-गिल्डचा रकाना रिकामा होता), ‘दैव’ (टक्के ठीक होते, तरी दुसरा जिंकला). लगेच लिहा, दुपारपर्यंत सगळ्या चुका ‘दैव’च वाटायला लागतात. ‘माहिती’ हा शब्द तीनहून जास्त वेळा आला असेल तर पुढच्या डिसेंबरात शॉर्टलिस्ट आली, की त्याच विभागांचे लघुपट आणि माहितीपट आधी शोधायला घ्या.